अर्धं तिकीट

जयगडात जेटीच्या रस्त्याला माझं छोटं दुकान आहे. किराणा, वह्या, मासे गरवायचे गळ, अगरबत्ती आणि मोबाईलचा रिचार्ज, सगळं तीन फळ्यांवर. माणसाचं नशीब कशानं उघडेल सांगता येत नाही. कोणाला जुन्या घराच्या जोत्यात हंडा सापडतो. मला 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' सापडलं.

२००८ चा पावसाळा. झी मराठीवर पल्लवी जोशी सूत्रसंचालनाला आणि परीक्षक म्हणून अवधूत गुप्ते नि वैशाली सामंत. ही दोघं म्हणजे 'ऐका दाजीबा'वाली. त्या गाण्यानं वरातींमध्ये आख्ख्या जिल्ह्याची धूळ उडवली होती. अशी माणसं पोरांना नाट्यसंगीतातल्या जागा काय समजावणार, म्हणून आईनं पहिल्या दिवशी टीव्हीकडे पाठ करून वाल सोलले. दुसऱ्या आठवड्यात वाल राहिले बाजूला. तिसऱ्या आठवड्यापासून आई स्वतःच परीक्षक. कार्यक्रमात गुण आकड्यांत नाही, स्वरांत द्यायचे. आईनं ती पद्धत सरळ स्वयंपाकघरात नेली. वहिनीच्या आमटीला 'ध' मिळाला. दादाला एकदा भरल्या बांगड्याबद्दल मत विचारलं तर तो घास तोंडात ठेवून नुसतं 'नी' म्हणाला, आणि वहिनी चार दिवस खूश होती.

शेवटी पाच जण उरले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आरवलीचा प्रथमेश लघाटे. आरवली म्हणजे मुंबई-गोवा हायवेवरची, गरम पाण्याच्या कुंडांची आरवली. तालुका संगमेश्वर, आमचा तालुका रत्नागिरी. पण पोरगं एकदा टीव्हीवर दिसलं की नातं काढायला तालुक्याची हद्द आड येत नाही. आमच्या आळीत एक आजोबा होते, त्यांनी ओट्यावर काठीनं नकाशाच काढला. आरवलीवरनं गडनदी जाते, ती शास्त्रीला मिळते आणि शास्त्री येते कुठं? जयगडच्या खाडीत. "म्हणजे पोराच्या घरचं पाणी आपल्याकडेच येतं. झाला की नाही आपला?" ह्या हिशेबानं निम्मा संगमेश्वर तालुका आमचा जावई लागतो, पण तेव्हा कोणी बोललं नाही.

त्यात त्याला नाव पडलं मोदक. गणपतीपुळे आमच्या शेजारी. मोदकाला मत द्यायचं नाही म्हणजे धर्मच बुडाला. मुग्धा जेमतेम आठ वर्षांची, तिला लिटिल मॉनिटर म्हणायचे. तिनं डोळे मोठे करून मान डोलावली की आई तिच्यासाठी लांबूनच कडाकडा बोटं मोडायची. रोहित रॉकस्टार. अशी एकेका पोराला एकेक उपाधी. आता मागं वळून बघताना वाटतं, पोरांचं गाणं निम्म्या लोकांना कळलं नसेल, पण मोदक आणि मॉनिटर शंभर टक्के लोकांना कळले. पल्लवीताई त्यांना गाण्याआधी बोलतं करायच्या, पोरं काहीतरी निरागस बोलायची, परीक्षक हसायचे, आणि मग तानपुरा. आधी हसू, मग सूर. हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण कुठं ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

मत द्यायचं एसेमेसनं, आणि साध्या एसेमेसपेक्षा त्याला पैसे जास्त. इथं माझं दुकान आलं. दहा रुपयांचे रिचार्ज मी त्या हंगामात इतके विकले की डाळ-तांदूळ हा जोडधंदा झाला. पण रिचार्ज असून उपयोग काय? रेंज फक्त किल्ल्यावर. जयगडचा किल्ला विजापूरकरांच्या काळातला, पुढं कान्होजी आंग्र्यांकडे आलेला. खाडीत कोण शिरतंय यावर नजर ठेवायला बांधलेले बुरूज. त्या बुरुजांवर आम्ही संध्याकाळी हात वर करून उभे. दोन दांड्या, तीन दांड्या, गेली! दालदी आळीतला एक जण तर होडीवरून उतरला की जाळं न सोडवता आधी बुरूज गाठायचा. म्हणायचा, "मासा उद्या मिळंल, मत आजच द्यायचा हाय."

२००९ च्या फेब्रुवारीत महाअंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. पोरगी गायली तशीच होती, कोणी नाही म्हणालं नाही. आईनं तिलाही कडाकडा बोटं मोडली. पण तिसऱ्या दिवशी लोक दुकानात हिशेब मागायला. "माझे अठरा एसेमेस गेले कुठं?" जसे काही ते मी बरणीत भरून ठेवलेत. एकानं तर सुटे नव्हते म्हणून मागच्या महिन्याची उधारी त्या अठरा एसेमेसमध्ये वळती करून घ्या, असा व्यवहार सुचवला.

आता मुख्य गोष्ट. त्या सबंध हंगामात वहिनीला दिवस होते. घरात सगळ्यांचं ठरलं की पोटातलं बाळ अभिमन्यूसारखं सगळं ऐकतंय. पाठीला उशी लावून वहिनी रोज टीव्हीपुढं. मे महिन्यात मुलगा झाला. बारशाला नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत आहे. सगळा गाव त्याला चॅम्प म्हणतो. आणि पोरगं खरंच गायचं! चौथ्या वर्षी आरतीत वरची पट्टी लावायचा. ताना घ्यायचा. फक्त एक अडचण होती. तानेत शिरायचा झोकात, पण बाहेर यायची वाट त्याला सापडायची नाही. गोल गोल फिरत राहायचा, तबला समेवर येऊन वाट बघत बसायचा. आई म्हणायची, "बरोबर आहे. अंतरा सुरू झाला की ही झोपायची. सुभद्रेचं झालं तेच!" वहिनीनं हे आजतागायत मनाला लावून घेतलंय.

गाणाऱ्या पोराचं आपल्या लोकांना फार कौतुक, पण त्याला एक अट असते. पोरानं मोठं व्हायचं नाही. नारायणराव राजहंस एकोणऐंशी वर्षांचे होऊन १९६७ साली गेले, तोवर बालगंधर्वच. सौदागर गोरे पिकल्या केसांनी गायले, तरी छोटा गंधर्व. ह्या दोघांना लहानपणी जे नाव चिकटलं ते कोणी काढू दिलं नाही. लिटिल चॅम्प्सचंही तेच. आर्या २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते'ची नायिका झाली, रोहित 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन आला, आणि २०२१ ला झी मराठीनं लिटिल चॅम्प्सचं नवं पर्व काढलं तेव्हा पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत. आईनं चष्मा पुसून पाहिलं नि म्हणाली, "ह्या पोरांना शाळा नाही वाटतं?"

अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे म्हणतात. मुंबईचा भाचा सुट्टीत येतो तेव्हा मला जगाचं ज्ञान देतो. आमचा प्रथमेश गाजला त्याच वर्षी तिकडं जस्टिन बीबर म्हणून एक पोरगा वर आला. कॅनडाचा. २०१० ला, सोळाव्या वर्षी, त्याला 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' नावाच्या विनोदी कार्यक्रमात बोलावलं. गाणी गायलाच, शिवाय एका प्रवेशात तो वर्गातला विद्यार्थी आणि टीना फे ही विनोदी नटी त्याची बाई. बाईंचंच मन विद्यार्थ्यावर जडतं आणि त्यांची तारांबळ उडते, असा तो प्रवेश. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला असा प्रवेश बसवला असता तर दुसऱ्या दिवशी पालकांचा मोर्चा आणि तिसऱ्या दिवशी बाईंची बदली. पुढं २०१५ ला तर तिकडच्या एका कॉमेडी चॅनेलनं चारचौघांत त्याला खुर्चीत बसवून त्याची सालं काढली. म्हणजे आपल्याकडे हळदीला नवऱ्या मुलाचं करतात तसं, फक्त हळद न लावता. त्याच बीबरनं २०१७ मध्ये नवी मुंबईत कार्यक्रम केला, तेव्हा तो गातोय की नुसते ओठ हलवतोय यावर वाद झाला होता. मी भाच्याला म्हटलं, आमच्या आरतीत निम्मी मंडळी तेच करतात, कोणी बातमी छापत नाही.

भाच्यानं आणखी एक सांगितलं, 'हॅना मोंटाना'चं. मायली सायरस नावाची मुलगी, तेरा-चौदा वर्षांची. मालिका विनोदी. दिवसा साधी शाळेतली पोर, रात्री डोक्याला सोनेरी केसांचा टोप घालून मोठी गायिका. मालिकेत तिच्या बापाचं काम तिच्या खऱ्या बापानंच केलेलं. मी विचारलं, "म्हणजे दिवसा आपली शाळा, रात्री टोप घालून गवळण, आणि बाप मृदंगावर?" भाचा हो म्हणाला. आमच्याकडे त्याला नमन म्हणतात. फरक इतकाच की आमचा टोप काळा असतो आणि शिमगा सरला की पेटीत जातो.

चॅम्प बारा वर्षांचा झाला तेव्हा कोरोना. गाण्याच्या एका स्पर्धेनं घरबसल्या व्हिडिओ मागवले. घरी आवाज घुमतो म्हणून पडवीत गाद्या उभ्या केल्या. पहिल्यांदा अंतऱ्यात कोंबडा आरवला. दुसऱ्यांदा मासेवालीची हाक आली, "सुरमय हाय, सौंदाळे हायत..." आणि वहिनी गाण्याच्या मध्येच भाव विचारायला उठली. सातव्या खेपेला व्हिडिओ झाला. तो पाठवायला पुन्हा किल्ला! बारा वर्षांत किल्ल्याखाली बोटी वाढल्या, खाडीच्या तोंडाशी मोठं बंदर आलं, कोळशाची जहाजं यायला लागली, पण आमची मान आभाळाकडंच. गोल चकती फिरतेय, फिरतेय. चॅम्पच्या तानेसारखी. सूर्य बुडाला तेव्हा ब्याण्णव टक्क्यांवर होती. स्पर्धेकडून पुढं काही कळलं नाही. आठ टक्के कोकण राहून गेलं असेल.

तरी तालुक्यातल्या अभंग स्पर्धा, नाट्यगीत स्पर्धा चालूच. वहिनी त्याला एस.टी.नं घेऊन जायची. एस.टी.त बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, म्हणून चॅम्प एस.टी.त कायम अकराचा. दाखल्यावर, आधारवर, केकवर त्याचं वय दर वर्षी वाढत होतं. एस.टी.त मात्र ते अकराला येऊन थांबलं होतं. २०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मीही बरोबर होतो. कंडक्टरनं मशीन काढलं. वहिनी म्हणाली, "दोन फुल, एक हाफ." कंडक्टरनं चॅम्पकडं बघितलं. ओठावर कोवळी लव, मनगटं बाहीच्या बाहेर चार बोटं.

"वय काय याचं?"

"अकरा," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"तू सांग रे."

आता चॅम्प आठवडाभर फारसा बोललाच नव्हता. सर्दी आहे म्हणून आई काढा देत होती. त्यानं तोंड उघडलं आणि गारठ्यात पहाटे ट्रॉलरचं इंजिन पहिल्यांदा फुरफुरावं तसा खालच्या पट्टीतला घोगरा आवाज बाहेर आला.

"अकरा."

मागच्या सीटवरचा माणूस कोण बोललं म्हणून वळून बघायला लागला. वहिनीनं तर असं बघितलं की जसं काही तिच्या शेजारी दुसरंच कोणी येऊन बसलंय. कंडक्टर काही बोलला नाही. त्यानं तीन फुल फाडली. निवळी येईपर्यंत आमच्यातलं कोणी बोललं नाही. पोराचा आवाज फुटला ही बातमी आमच्या घराला अशी एस.टी. महामंडळाच्या मशीनमधून छापून मिळाली.

त्या दिवशी स्पर्धेत त्यानं वरचा सा लावला आणि आवाजाचे दोन भाग झाले. चाफे गावाशी कसा रस्ता फुटतो, एक गणपतीपुळ्याकडे आणि एक निवळीकडे, तसे दोन सूर दोन दिशांना निघून गेले. परीक्षकांनी मान खाली घालून कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. पोरगं परत येताना खिडकीला डोकं टेकून होतं. वहिनी म्हणाली, "पुढच्या वेळी." दादा म्हणाला, "पट्टी खाली घेऊ." मी दुकानातली खडीसाखर पुढं केली. त्यानं एक खडा घेतला नि दाढेखाली कडकन फोडला.

वर्षभर तो गायला नाही. आरतीत मागं उभा राहून झांजा वाजवायचा. त्या वर्षी जूनमध्ये मुग्धा आणि प्रथमेश लग्न करणार असल्याची बातमी आली. वहिनीनं मोबाईलवर दाखवली. आईनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "कायद्यात बसतं का हे?" तिला विचारलं तर म्हणे, "अगो, ही अजून दुधाच्या दातांची पोरं!" २१ डिसेंबर २०२३ ला त्यांचं चिपळूणला लग्न लागलं. फोटोत मुंडावळ्या बघून आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मोदक मॉनिटरला पडला म्हणजे." आणि अहेराला किती पाठवायचे याचा विचार करू लागली. गडनदीच्या पाण्याचं नातं.

चॅम्प तेव्हा रोज रात्री दुकानात माझ्या मोबाईलवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघत बसायचा. त्यात आमच्या जिल्ह्याचे प्रभाकर मोरे. मोरे आमच्या भाषेत बोलतात. ती भाषा शाळेत बोलली तर अंगठे धरायला लागायचे, टीव्हीवर बोलली तर टाळ्या. चॅम्प ते बघून त्याच सुरात, त्याच घोगऱ्या आवाजात पुटपुटायचा. गिऱ्हाईकाला खोबरेल देताना म्हणायचा, "घ्या काकी, केस उगवलं न्हायत तर डोकी परत आनून द्या." काकी हसल्या, दोन बाटल्या घेऊन गेल्या. माझ्या धंद्यातली ही दुसरी तेजी.

२०२४ च्या शिमग्याआधी वाडीच्या नमन मंडळात अडचण आली. आमचं बहुरंगी नमन म्हणजे आधी गण, मग गवळण, मग वग. गवळणीत राधा असते, गौळणी असतात, कृष्णाचा पेंद्या वाट अडवतो आणि सगळ्यांत पुढं असते ती मावशी. मावशी म्हणजे नऊवारीतला बाप्या. चेहऱ्यावर पांढरा रंग, गालाला लाल टिकल्या, कमरेला पाणीपट्टीच्या पावतीपासून चमच्यापर्यंत काहीही खोचलेलं. गेली बावीस वर्षं मावशी करणारा माणूस बंदरावर ड्युटीला लागला, रात्रपाळी. आता मावशी नाही म्हणजे गवळणीला रात्री कोण जागणार? लोक गौळणींसाठी येतात असं गौळणींना वाटतं.

चॅम्पनं पाचवी ते सातवी राधा केली होती, तेव्हाचा आवाज आठवून बायका अजून हळहळतात. त्याला मावशी करायला सांगितलं तर वहिनी रडायलाच लागली. "गाणारं पोर आहे माझं!" दादा म्हणाला, "गायचंय कुठं, मावशीला फक्त भसाडायचंय. ते येतंय त्याला."

पहिला प्रयोग देवळापुढं. मृदंग लागला, गण झाला, गौळणी आल्या. चॅम्प मागून आला, हळूच, कमरेवर हात ठेवून. एक शब्द बोलला नाही. सबंध मांडवाकडे डावीकडून उजवीकडे बघितलं, जसं उधारी राहिलेलं गिऱ्हाईक मी बघतो तसं. लोक तेवढ्यावरच हसायला लागले. पेंद्यानं ठरल्याप्रमाणं विचारलं,

"मावशे, तुजा आवाज असा का गो झाला?"

हे बसवलेलं होतं. पुढचं बसवलेलं नव्हतं. मावशीनं गळा चाचपला.

"काय सांगू बाबा. किल्ल्यावर रेंज घ्याया गेल्ये. रेंज गावली, ती गल्यात अडाकली."

मांडव कोसळला. मी सांगतो, २००९ ला बुरुजावर हात वर करून उभे राहिलेले सगळेच तिथं बसले होते. अठरा एसेमेसवाला तर गुडघ्यावर थापा मारत होता. पेंद्याला पुढचं वाक्यच सुचेना. मग मावशीनं सरळ गवळण गायला घेतली, फुटक्या आवाजात. सूर वर चढला, तिथं फाटला, आणि फाटला तसा तिनं तो पदरानं पुसला. पुन्हा हशा. मग दुसऱ्या ओळीला खालच्या पट्टीत उतरून अशी एक जागा घेतली की मृदंगवाल्यानं मान वर करून बघितलं. तानेत शिरला. मी डोळे मिटून घेतले. गोल गोल... आणि बरोबर समेवर बाहेर! वहिनी पहिल्या रांगेत होती. जागी होती.

त्या शिमग्यात मावशीला पंधरा ठिकाणांहून सुपारी आली. खाडीपलीकडे तवसाळला फेरीबोटीनं गेलो. तिकडची पोरं बोटीवरच ओळखायला लागली, "मावशी आली, मावशी आली." चॅम्प म्हणून कोणी हाक मारली नाही. पूर्वी हा राधा करायचा, असं मी एकाला सांगून बघितलं. तो म्हणाला, "होय का? पण मावशी भारीच."

शेवटचा प्रयोग मालगुंडकडच्या एका वाडीत होता. वग संपेस्तोवर पहाट झाली. मंडळाचा टेम्पो पेट्या, टोप आणि कपडे घेऊन पुढं निघून गेला. त्यातच चॅम्पची पँटही. मागं राहिलो मी आणि नऊवारीतला चॅम्प. पहिल्या एस.टी.त बसलो. त्यानं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि खिडकीला टेकून डोळे मिटले. गालावरची लाल टिकली अर्धी पुसलेली.

कंडक्टर आला. मी म्हटलं, "दोन जयगड." त्यानं माझ्याकडं बघितलं, खिडकीजवळच्या पदराकडं बघितलं. बायकांना अर्धं तिकीट सुरू होऊन तेव्हा वर्ष झालेलं, बोट सवयीनंच बटणावर जाणार. मशीन किर्र वाजलं. "एक फुल, एक हाफ."

मी दुकानदार आहे, पण खोटं बोलायची माझी हद्द वजनाच्या काट्यापर्यंत. म्हटलं, "साहेब, तसं नाही. हा माझा पुतण्या आहे. हाफ लागत नाही त्याला."

कंडक्टरनं वाकून बघितलं. दोन सीट पुढच्या बायका वळल्या. "पुतण्या? वय काय?"

पदर जागचा हलला नाही. मला वाटलं झोपलाय. मी सांगायला तोंड उघडलं तोच पदराच्या आतून ट्रॉलर सुरू झाला. सावकाश, मध्ये नीट थांबा घेऊन.

"अकरा."

आख्खी एस.टी. हसली. कंडक्टरला इतकं हसू आलं की दुसरं तिकीट काढताना त्यानं भलताच थांबा दाबला, ते रद्द करून परत काढलं. दोन फुल. मी पैसे मोजले. चॅम्पनं पदराखालून हात बाहेर काढला, चुकलेलं तिकीट मागून घेतलं आणि कमरेला खोचलं.